गाझाची मदत: कलम २३, कलम ५९ आणि त्यांची होणारी गल्लत

कलमदान (धागाकर्ता)

गाझाच्या मदतीवर कुठेही चर्चा निघाली की एक वाक्य हमखास येतं: "युद्ध चालू असताना शत्रूच्या मुलखात धान्य जाऊ द्यायचं की नाही, हे लढणारा देशच ठरवणार ना?" हे वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच घातक आहे. १२ ऑगस्ट १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात दोन वेगळ्या परिस्थितींसाठी दोन वेगळी कलमं आहेत. लोक एक वाचतात आणि दुसऱ्या ठिकाणी लावतात.

कलम २३ नाकेबंदीसाठी आहे. मुलूख अजून शत्रूच्याच हातात आहे आणि आपण फक्त वाट अडवून बसलो आहोत, अशी ती स्थिती. तेव्हा औषधं आणि दवाखान्याचं सामान सगळ्याच नागरिकांसाठी सोडावं लागतं. अन्न, कपडे आणि शक्तिवर्धकं मात्र १५ वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणी यांच्यापुरतीच. शिवाय माल भलतीकडे वळेल, देखरेख नीट होणार नाही किंवा शत्रूच्या लष्करी प्रयत्नांना ठोस फायदा मिळेल, अशी भीती वाटण्याजोगी गंभीर कारणं असतील तर वाट नाकारता येते.

कलम ५९ ताब्यातल्या मुलखासाठी आहे. तिथल्या सगळ्या किंवा काही लोकांना पुरेसं मिळत नसेल, तर कब्जेदार सत्तेने मदत योजनांना संमती द्यायचीच आहे आणि हाताशी असलेल्या सर्व साधनांनी त्या सुकर करायच्या आहेत. इथे वयाची अट नाही, गरोदरपणाची नाही, "शत्रूला फायदा होईल" हे कारणही नाही. रेड क्रॉसच्या १९५८ च्या भाष्यात हे बंधन बिनशर्त असल्याचं सरळ लिहिलेलं आहे.

आता कलम ५९ च्या मागे उभं असलेलं कलम ५५ बघा. लोकांना अन्न आणि औषधं मिळतील याची खात्री करणं, हे आपल्या साधनांच्या कमाल मर्यादेपर्यंत कब्जेदार सत्तेचं स्वतःचं काम आहे. स्थानिक साठा अपुरा पडला तर तिने बाहेरून आणायचं. कलम ५६ नुसार दवाखाने, सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि साथींचा प्रतिबंध हेही तिच्याच अंगावर. आणि कलम ६० म्हणतं की बाहेरून मदत आली म्हणून ५५, ५६ आणि ५९ खालच्या जबाबदारीतून ती सुटत नाही. दुसऱ्या देशाने पिठाची पोती पाठवली की आपलं काम झालं, असा अर्थ कुणी काढू नये म्हणूनच हे कलम वेगळं लिहिलं.

या धाग्यावर कलमं, व्यवहार आणि अडचणी यांवर बोलावं ही विनंती. बाजू घ्या, पण कुठल्या कलमाच्या आधारे ते सांगा.

साधा_वाचक

चांगला धागा. एक मूलभूत शंका. गाझातले बहुतेक लोक आधीच निर्वासित आहेत ना, १९४८ चे? मग त्यांना निर्वासित म्हणून काही वेगळं संरक्षण आहे, की बाकीच्यांसारखंच?

कलमदान

कब्जाविषयक कायद्यासाठी फरक पडत नाही, आणि हे लोकांच्या बाजूने चांगलंच आहे. कलम ४ नुसार, कब्जेदार सत्तेच्या हाती सापडलेली आणि तिची नागरिक नसलेली व्यक्ती 'संरक्षित व्यक्ती' ठरते. ती मूळची गाझा शहरातली असो, की जिचे आजोबा याफाहून आले ती जबालिया छावणीतली असो, ५५ आणि ५९ दोघींना सारखंच लागू.

निर्वासित ही नोंद महत्त्वाची ठरते ती सेवा कोण देणार यासाठी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८ डिसेंबर १९४९ च्या ठराव ३०२ ने यूएनआरडब्ल्यूए ही पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीची मदत संस्था (पुढे 'अनरवा' लिहितो) स्थापन केली आणि १ मे १९५० ला तिचं काम सुरू झालं. १ जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात पॅलेस्टाईनमध्ये राहणारे आणि १९४८ च्या संघर्षात घर व उपजीविका दोन्ही गमावलेले लोक, तसंच त्यांच्यातल्या पुरुषांचे वंशज, अशी तिची निर्वासिताची व्याख्या. जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, वेस्ट बँक आणि गाझा या पाच क्षेत्रांत मिळून सुमारे ५९ लाख नोंदी आहेत. गाझाच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण दोन-तृतीयांशाहून जास्त आहे. १९५१ च्या निर्वासित कराराच्या कलम १(ड) मुळे, अनरवाकडून मदत मिळते तोवर हे लोक त्या कराराच्या नेहमीच्या चौकटीबाहेर राहतात. त्यामुळे अनरवा बंद पडली तर तिची जागा घेणारी दुसरी तयार यंत्रणा तिथे नाही.

लेबनॉनच्या छावणीतल्या निर्वासिताला मात्र कलम ५९ लावता येत नाही. तिथली जबाबदारी त्या देशाची, तिचे नियम वेगळे. बातम्यांत दोन्ही एकत्र येतात, म्हणून सांगून ठेवलं.

मैलाचा_दगड

पण मुळातच प्रश्न आहे. इस्रायलने सप्टेंबर २००५ मध्ये गाझातून सैन्य आणि वसाहती काढून घेतल्या. १९०७ च्या हेग नियमावलीचं कलम ४२ म्हणतं की मुलूख प्रत्यक्ष शत्रुसैन्याच्या अधिकाराखाली आला तरच तो ताब्यात धरायचा. मग २००५ नंतर गाझा 'ताब्यात' कसा? ताबा नसेल तर ५९ नाही, २३ च उरतं, आणि धागाकर्त्यांचा अख्खा युक्तिवाद कोसळतो.

न्यायपत्र

मैलाचा_दगड, प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी विचारलात. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाची भूमिकाही तीच आहे. गाझाला वीज आणि इंधन कमी करण्याविरुद्धच्या अल-बसिऊनी खटल्यात ३० जानेवारी २००८ ला न्यायालय म्हणालं की परिणामकारक नियंत्रण संपलं आहे. तरीही युद्धस्थिती, सीमानाक्यांवरचं नियंत्रण आणि इतकी वर्षं निर्माण झालेलं विजेचं अवलंबित्व, यांमुळे काही मानवतावादी कर्तव्यं शिल्लक राहतात. २७ मार्च २०२५ ला मदतीविषयीची याचिका फेटाळतानाही गाझात कब्जाचा कायदा लागू नाही, हेच धरलं.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वेगळी वाट घेतली. १९ जुलै २०२४ च्या सल्लागार मतात त्याने विचारलं, की सैनिक प्रत्येक गल्लीत उभा असण्याची गरज आहे का? जमीन, समुद्र आणि आकाश यांच्या सीमा, मालाची ये-जा, आयात-निर्यातीवरचे कर आणि बफर पट्टा हे सगळं हातात ठेवलं, तर जितका ताबा तितकं कर्तव्य. म्हणजे ताबा आहे किंवा नाही असा एका झटक्यात निकाल लावण्याऐवजी त्याने प्रमाण लावलं. २२ ऑक्टोबर २०२५ च्या मतात त्याच्या पुढचं पाऊल: ७ ऑक्टोबर २०२३ नंतर गाझावरचं नियंत्रण खूप वाढलं, म्हणून कर्तव्यंही वाढली.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. नाका कुणाच्या हातात? केरेम शालोम इस्रायलच्या हातात. रफाहची पॅलेस्टिनी बाजू ७ मे २०२४ पासून इस्रायली सैन्याच्या ताब्यात. झिकीम, किसुफीम, एरेझ तिन्ही त्याच बाजूची. कुठला ट्रक जाणार, कुठल्या रस्त्याने, किती वाजता, हे सगळं एकच सत्ता ठरवत असेल तर "आमचा ताबा नाही" हे म्हणणं टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने मे २००४ मध्ये, रफाहमधल्या लष्करी कारवाईच्या वेळी, मान्य केलं होतं की लष्करी अधिकाऱ्याने लोकांना त्रास न देणं एवढंच पुरेसं नाही. पाणी, औषधं आणि अन्न पोहोचेल याची तजवीज त्याने कारवाईच्या आधीच करायला हवी. तो निकाल आज पुन्हा वाचावा असा आहे.

गोदामवही

कायद्यावर चांगलं चाललंय. मी 'सुकर करणं' म्हणजे जमिनीवर काय, ते लिहितो, कारण कलम ५९ चा भंग बहुतेक वेळा नकाराच्या कागदावर दिसत नाही. तो उशिरात दडलेला असतो.

आधी गरज मोजू. माणशी रोज २,१०० किलोकॅलरी हे आपत्कालीन मदतीचं सर्वमान्य माप. कडधान्य, पीठ, तेल, मीठ, साखर असा सुका शिधा धरला तर माणशी साधारण ५५० ग्रॅम लागतो. २१ लाख लोकांना रोज सुमारे १,१५५ टन. ट्रकमागे १८ टन धरले तर ६४ ट्रक. हे झालं फक्त सुकं अन्न. भाजी, अंडी, दूध नाही. तंबू नाही, साबण नाही, औषध नाही, स्वयंपाकाचा गॅस नाही. म्हणून "आज ७० ट्रक गेले" ही बातमी वाचून समाधान मानू नये. युद्धापूर्वी व्यापारी माल धरून कामाच्या दिवशी सुमारे ५०० ट्रक जात. जानेवारी २०२५ च्या शस्त्रसंधीत रोज ६०० ट्रक आणि त्यांत इंधनाचे ५०, असं ठरलं होतं.

(जाता जाता: असं मोजमाप इस्रायलच्या प्रशासनानेही केलं होतं. २००८ च्या एका सरकारी दस्तऐवजात माणशी २,२७९ कॅलरी आणि रोज १०६ ट्रक असा हिशेब होता. गीशा या इस्रायली संघटनेने कोर्टात भांडून तो २०१२ मध्ये उघड करायला लावला. किती लागतं हे ज्याने स्वतः मोजलं, त्याला "आम्हाला कल्पना नव्हती" म्हणता येत नाही.)

पाण्याचं गणित आणखी कठीण. माणशी १५ लिटर धरले तर रोज ३ कोटी १५ लाख लिटर. १० हजार लिटरच्या टँकरने न्यायचं तर ३,१५० फेऱ्या. हे टँकरने होणं अशक्य. म्हणजे विहिरींचे पंप, नळ आणि समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प चालले पाहिजेत, त्यासाठी वीज किंवा डिझेल हवं. म्हणूनच इंधन ही चैन नव्हे. बेकरी, दवाखान्याचं जनरेटर, सांडपाण्याचा पंप सगळं त्याच एका टाकीवर चालतं.

आता वाट. मालाची यादी आधी मंजुरीला जाते. मंजूर माल इजिप्तच्या अल-अरीशहून, अश्दोद बंदरातून किंवा जॉर्डनहून निघतो. नित्झाना किंवा केरेम शालोमला तपासणी. मग नाक्याच्या फलाटावर माल उतरवून बाहेरचा ट्रक परत जातो. गाझाच्या बाजूने दुसरा ट्रक येऊन तो उचलतो, गोदामात नेतो, तिथून वाटप केंद्रावर. म्हणजे एकच पोतं किमान तीनदा हाताळलं जातं.

घोडं कुठे पेंड खातं ते सांगतो.

यादीतली एक वस्तू नाकारली तर पूर्ण ट्रक मागे फिरतो. मग माल उतरवा, ती वस्तू काढा, पुन्हा रांगेच्या शेवटी. 'दुहेरी वापराच्या' (नागरी आणि लष्करी) नावाखाली ऑक्सिजन सिलिंडर, जनरेटर, पाणी शुद्ध करायची यंत्रं, तंबूचे धातूचे खांब अडकले आहेत. मुलांच्या वैद्यकीय पेट्यांतल्या कात्रीमुळे अख्खा ट्रक परत पाठवल्याचं अनरवाचे प्रमुख फिलिप लाझारिनी यांनी मार्च २०२४ मध्ये जाहीर सांगितलं होतं; इस्रायलने ते नाकारलं.

तपासणीसाठी माल कमी उंचीवर रचावा लागतो, त्यामुळे ट्रक अर्धा रिकामा धावतो. संख्या वाढते, टन वाढत नाहीत.

फलाटावर माल पडून राहतो आणि "संयुक्त राष्ट्रं उचलत नाहीत" असं सांगितलं जातं. पण उचलायला जाणाऱ्या प्रत्येक ताफ्याला लष्कराची परवानगी लागते, रस्ता आणि वेळ तेच देतात. सकाळची परवानगी दुपारी मिळाली की ताफा अंधारात परततो. एकच रस्ता दिला की तो कुठला हे लुटारूंनाही कळतं. १६ नोव्हेंबर २०२४ ला केरेम शालोमहून निघालेल्या १०९ ट्रकच्या ताफ्यातले बहुतेक सगळे लुटले गेले.

लस आणि इन्सुलिनला २ ते ८ अंश तापमान लागतं. फलाटावर दोन दिवस उन्हात थांबलेला खोका कागदोपत्री 'पोहोचलेला' असतो, उपयोगाचा नसतो.

म्हणून आकडे वाचताना नेहमी विचारा: आत आले, उचलले, की वाटले? सुरक्षा परिषदेच्या ठराव २७२० (२२ डिसेंबर २०२३) खाली जी नोंद-यंत्रणा उभी राहिली, ती उतरवलेला, उचललेला, वाटेत अडवला गेलेला आणि मुक्कामाला पोहोचलेला माल वेगवेगळा दाखवते. यातली शेवटचीच संख्या पोटात जाते.

रोखठोक

सगळं मान्य, पण मूळ मुद्दा टाळला जातोय. हमास ही मदत पळवते, विकते, त्यावर लढवय्ये पोसते. ओलीस धरून ठेवणाऱ्या संघटनेला रसद पुरवा, असं कुठला कायदा सांगतो? आणि अनरवाचे कर्मचारी ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात सामील होते हेही सिद्ध झालं आहे.

कलमदान

रोखठोक, ओलीस धरणं हा गंभीर गुन्हा आहे, त्यात दुमत नाही. कलम ३४ ते थेट निषिद्ध करतं. मदत न पळवण्याचं बंधनही हमासवर आहे. गरजू नागरिकांपर्यंत मदत जाऊ देणं हा रूढ नियम संघर्षातल्या सर्व पक्षांना बांधतो. पण एकाने नियम मोडला म्हणून दुसऱ्याचं कर्तव्य संपत नाही. कलम ३३ म्हणतं की जो गुन्हा त्या व्यक्तीने स्वतः केला नाही त्यासाठी तिला शिक्षा नाही, आणि सामूहिक शिक्षा तर नाहीच. आठ महिन्यांचं बाळ कुणाचंही लढवय्यं नसतं.

'माल पळवला जाईल' या भीतीवर करारातच उपाय दिलेले आहेत. माल तपासा. त्याची वेळ आणि मार्ग ठरवा. वाटपावर तटस्थ देखरेख ठेवा. कलम ६१ नुसार वाटप संरक्षक सत्तेच्या (करार पाळला जातो का यावर लक्ष ठेवायला नेमलेल्या त्रयस्थ देशाच्या) सहकार्याने आणि देखरेखीखाली व्हायचं. अशी संरक्षक सत्ता इथे नेमलेलीच नाही, पण ते काम तटस्थ देशाकडे किंवा आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीसारख्या निष्पक्ष संस्थेकडे सोपवता येतं, हे त्याच कलमात लिहिलं आहे. म्हणजे शंका असेल तर देखरेख वाढवायची. दार लावून घ्यायचं असं ५९ मध्ये कुठेच नाही. शिवाय बाजारात पीठ दुर्मिळ झालं की एका पोत्याची किंमत सोन्यासारखी होते, आणि मगच ते लुटण्यासारखं होतं. भरपूर आलं की लुटीतला नफाच संपतो.

न्यायपत्र

कर्मचाऱ्यांच्या मुद्द्याची भर घालतो, कारण तो नेमका सांगायला हवा. संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत चौकशीत १९ जणांवरचे आरोप तपासले गेले. त्यातले ९ जण सामील असू शकतात असा निष्कर्ष ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि त्यांची सेवा संपवली गेली. गाझातच अनरवाचे सुमारे १३ हजार कर्मचारी होते. अनरवाचे लक्षणीय कर्मचारी हमासचे सदस्य आहेत, या आरोपाला इस्रायलने आधार दिलेला नाही, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ च्या मतात नोंदवलं. नऊ जणांवरचा आरोप गंभीर आहे. त्यासाठी लाखो लोकांचं रेशन बंद करणं हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

त्याच मतातली आणखी एक गोष्ट धागाकर्त्यांच्या मुद्द्याशी जुळते. सुरक्षेची काळजी हा या कायद्यापासून मोकळं होण्याचा स्वतंत्र अपवाद नाही, असं न्यायालय म्हणतं. कुठल्या संस्थेमार्फत मदत घ्यायची याची थोडी मोकळीक कब्जेदार सत्तेला असते, पण लोकांच्या गरजा प्रत्यक्षात भागत असतील तरच. २ मार्च २०२५ पासून सुमारे ११ आठवडे गाझात काहीच जाऊ दिलं नाही. मग मेअखेर संयुक्त राष्ट्रांच्या सुमारे ४०० वाटप केंद्रांच्या जागी एका नव्या खासगी संस्थेची चार केंद्रं आली, बहुतेक दक्षिणेत, लष्करी पट्ट्यात. लोकांनी मैलोन् मैल चालत जायचं, तेही सैनिकांच्या समोरून. जुलै २०२५ संपेपर्यंत अन्न आणायला गेलेले हजाराहून अधिक लोक मारले गेल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने केली. २२ ऑगस्टला गाझा प्रांतात (गाझा शहर आणि आजूबाजूचा भाग) दुष्काळ जाहीर झाला. 'आम्ही पर्याय दिला होता' या युक्तिवादाची परीक्षा अशी घ्यायची असते.

हिरवी_वाट

अमेरिकेने समुद्रात धक्का बांधला होता ना? विमानातूनही पाकिटं टाकली. मग जमिनीच्या वाटेवरच इतका भर का?

गोदामवही

टनांत मोजून बघा. तो तरंगता धक्का १७ मे २०२४ ला सुरू झाला आणि जुलैमध्ये काढून नेला. लाटांनी मोडला म्हणून मध्ये बराच काळ बंद होता. एकूण जेमतेम २० दिवस चालला. खर्च सुमारे २३ कोटी डॉलर, माल सुमारे ८,८०० टन. वरच्या हिशेबाने हा २१ लाख लोकांचा आठवडाभराचा सुका शिधा. विमानाची गोष्ट याहून वाईट: एका फेरीतला माल एखाद-दोन ट्रकभर, खर्च कितीतरी पट, पडेल तिथे पडतो आणि धावू शकतो त्यालाच मिळतो. कुपोषित मूल, म्हातारं माणूस, बाळंतीण यांच्या वाट्याला काही येत नाही.

कुपोषणाचंही एक सांगून ठेवतो, कारण लोकांना वाटतं पीठ गेलं की झालं. दंडाचा घेर ११५ मिलिमीटरहून कमी असलेलं मूल तीव्र कुपोषित. त्याला पिठाची भाकरी पचत नाही. ९२ ग्रॅमची, ५०० किलोकॅलरीची शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं लागतात, सहा ते आठ आठवडे. एका मुलाच्या पूर्ण उपचाराला १५० पाकिटांचा एक खोका. खोका मध्येच आटला की मूल पुन्हा घसरतं. सातत्य हाच उपचार. म्हणून नाका 'उघडला' या बातमीपेक्षा तो किती दिवस सलग उघडा राहिला, हे विचारायचं.

शेवंती_७

धागा गाझावरच चाललाय, म्हणून वेस्ट बँकचं थोडं. तिथे ताब्याबद्दल न्यायालयीन वाद फारसा नाही. इस्रायलचं म्हणणं असं होतं की १९६७ पूर्वी तिथे कुणाचीच मान्य सार्वभौम सत्ता नव्हती, म्हणून करार कायद्याने लागू नाही, आपण त्यातल्या मानवतावादी तरतुदी स्वेच्छेने पाळतो. ९ जुलै २००४ च्या मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते फेटाळलं.

२८ ऑक्टोबर २०२४ ला क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) दोन कायदे केले: एकाने इस्रायल स्वतःचा म्हणतो त्या प्रदेशात अनरवाचं काम बंद, दुसऱ्याने इस्रायली अधिकाऱ्यांना अनरवाशी संपर्क बंद. ३० जानेवारी २०२५ पासून ते लागू झाले. दुसरा कायदा वाचायला साधा वाटतो, पण संपर्क नाही म्हणजे परदेशी कर्मचाऱ्याला व्हिसा नाही, नाक्यावर समन्वय नाही, "आमचा ताफा या रस्त्याने येतोय, गोळी झाडू नका" हे सांगायला कुणी नाही. पूर्व जेरुसलेममधल्या शुआफात छावणीतल्या शाळा मे २०२५ मध्ये बंद कराव्या लागल्या. उत्तरेत जेनिन, तुलकरेम आणि नूर शम्स या छावण्या जानेवारी २०२५ पासूनच्या कारवाईत रिकाम्या झाल्या. सुमारे ४० हजार लोक बेघर. तिथे कलम ४९ चा, जबरदस्तीच्या स्थलांतराचा प्रश्न मदतीच्या प्रश्नाला येऊन मिळतो.

छावण्या अनरवा चालवते असा एक गैरसमज आहे. ती शाळा, दवाखाने, साफसफाई बघते. सत्ता आणि पोलीस तिच्याकडे कधीच नव्हते.

साधा_वाचक

सल्लागार मत बंधनकारक नसतं म्हणतात. मग या सगळ्याचा उपयोग काय?

न्यायपत्र

मत बंधनकारक नाही, बरोबर. पण ते ज्या कराराचा अर्थ लावतं तो करार बंधनकारक आहे. इस्रायलने तो १९५१ मध्येच मंजूर केला. मतामुळे "कायदा अस्पष्ट आहे" ही पळवाट बंद होते.

दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात भरलेल्या खटल्यातले हंगामी आदेश (२६ जानेवारी, २८ मार्च आणि २४ मे २०२४) ही वेगळी गोष्ट. ते बंधनकारक आहेत. २८ मार्चच्या आदेशात तर जमिनीवरचे नाके वाढवा आणि हवा तितका वेळ उघडे ठेवा, इतका तपशील आहे.

तिसरी पायरी फौजदारी. रोम कायद्याच्या (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यावर चालतं त्या कराराच्या) कलम ८ नुसार नागरिकांची उपासमार हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरणं आणि मदत जाणूनबुजून अडवणं हा युद्धगुन्हा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतन्याहू आणि माजी संरक्षणमंत्री गॅलंट यांच्याविरुद्ध त्या न्यायालयाने काढलेल्या वॉरंटमध्ये हा आरोप आहे. आरोप सिद्ध व्हायचा आहे, हे लक्षात ठेवूनच लिहितोय.

नर्मदेकाठी

आपल्याकडचा दुवा सांगते. भारत अनरवाला वर्षाला ५० लाख डॉलर देत आला आहे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये अल-अरीशला साडेसहा टन औषधं आणि ३२ टन आपत्ती-मदत साहित्य पाठवलं. ते अल-अरीशला उतरलं की पुढचा सगळा प्रवास वर गोदामवही यांनी सांगितलेल्या वाटेने.

आणि १३ मे २०२४ ला रफाहमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या खुणा असलेल्या गाडीवर हल्ला झाला, त्यात भारतीय लष्करातून निवृत्त झालेला, पुण्यात घर असलेला आपला मराठी अधिकारी गेला. ते सुरक्षा विभागात होते, युरोपियन रुग्णालयाकडे निघाले होते. मदत कर्मचाऱ्यांचा आदर आणि संरक्षण हेही याच कायद्यातलं कर्तव्य आहे. अनरवाचे ३०० हून अधिक सहकारी या युद्धात गेलेत. कलमांच्या आकड्यांमागे ही माणसं आहेत, एवढं मनात असू द्या.

मैलाचा_दगड

ताब्याबद्दलचं उत्तर पटलं. आता एक शेवटची तांत्रिक हरकत. करारातलं कलम ६ बघा. लष्करी कारवाई संपल्यावर एका वर्षाने ताब्यातल्या मुलखात करार लागू राहत नाही. फक्त काही ठरावीक कलमं उरतात. त्या यादीत ५५ नाही, ५६ नाही. मग १९६७ चा कब्जा धरला तर धान्य पुरवण्याचं मूळ बंधन केव्हाच संपलं, असं नाही का होत?

कलमदान

यादी बरोबर वाचलीत. २००४ च्या मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही कलम ६ असंच वाचलं होतं, आणि त्यावर अभ्यासकांनी बरीच टीका केली. एक वर्षाची ही मर्यादा १९७७ च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलने काढून टाकली, पण इस्रायल त्याचा सदस्य नाही. माझ्या मते २०२३ पासून इतक्या मोठ्या प्रमाणावर कारवाई सुरू असताना "लष्करी कारवाई संपली" असं म्हणणंच शक्य नाही, म्हणून गाझापुरतं तरी ५५ पूर्ण लागू आहे. शिवाय हेग नियमावलीच्या कलम ४३ मधलं, नागरी जीवन सुरळीत ठेवण्याचं बंधन कुठल्याही मुदतीशिवाय चालूच असतं. २०२५ च्या मतात तर अन्न, पाणी, कपडे, अंथरूण-पांघरूण, निवारा, इंधन, औषधं आणि वैद्यकीय सेवा अशी जीवनावश्यक पुरवठ्याची यादीच न्यायालयाने दिली आहे.

पण समजा तुमचा अर्थ धरला, तरीही तीच यादी पुन्हा वाचा. ४७, ४९, ५१, ५२, ५३, मग ५९, आणि पुढे ६१ ते ७७. ५५ वगळताना मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हळूहळू स्थानिकांच्या हाती परतणारा कारभार होता. दुसऱ्याची मदत आत येऊ देण्याचं बंधन मात्र त्यांनी कब्जा संपेपर्यंत ठेवलं.